पाचच्या आतली हॉकी

कोरोनाच्या त्या हिवाळ्यात सरकारने जाहीर केलं की संध्याकाळी पाचनंतर कुणी खेळाच्या मैदानावर दिसता कामा नये, आणि आमच्या सहा कॉलेजांच्या लीगमध्ये कोण कुठे उभं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. तोवर मी समजत होते की आपण सगळ्या सारख्याच. प्रत्येक संघाकडे अकरा मुली, अकरा काठ्या आणि समोर एकच चेंडू. हॉकीच्या स्टिकला माझी आई काठी म्हणायची, तोच शब्द माझ्या तोंडी बसला आणि अजून तोच येतो. लीगमधले तीन संघ मोठ्या शहरांतल्या मोठ्या विद्यापीठांचे होते, चौथा ना मोठा ना लहान, पाचवा आमचा, हॉलंडमधल्या वाखनिंगन गावचा, आणि सहावा पूर्वेच्या सरहद्दीजवळच्या एका छोट्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजचा. वाखनिंगनमध्ये माणसं माती, बियाणं, दूध आणि कीड यांचा अभ्यास करायला येतात. आमच्या संघातल्या निम्म्या मुली गोठ्यात वाढलेल्या होत्या, त्यामुळे पहाटे उठण्याची कुणाला भीती नव्हती. पण नुसतं पहाटे उठून सगळं भागत नाही.

मोठ्या तिघांमधला सगळ्यात मोठा क्लब समुद्राकाठच्या शहरातला. आम्ही त्यांना समुद्रावाले म्हणायचो. त्यांच्याकडे स्वतःची दोन मैदानं होती, मॅचआधी ज्यांच्यावर फवाऱ्यांनी पाणी मारतात तसली, चेंडू काचेवरून सरकल्यासारखा जाणारी. पगारी कोच होता, स्नायू चोळून देणारी बाई होती आणि त्यांच्या मुलींचं ध्येय भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की देशाच्या पहिल्या वर्गाच्या लीगमध्ये जायचं. आमचं मैदान गावातल्या क्लबचं, वाळू भरलेलं, पडलं की गुडघा किसून निघायचा. ते आम्हाला संध्याकाळी सहानंतर मिळायचं, कारण दिवसा शाळेची मुलं असत. आमची कोच विल्मा कॉलेजच्या मातीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली होती आणि हौसेने यायची. गोलकीपरचं सामान क्लबचं एकच होतं. माझ्या आधी ते तिघींनी घामाने भिजवलं होतं आणि त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायचा. आणि आमचं ध्येय काय, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही एकमेकींकडे पाहिलं असतं. आम्हाला खेळायचं होतं, एवढंच.

पाचची बंदी आली तेव्हा समुद्रावाल्यांना काही फरक पडला नाही. मैदान त्यांचं होतं, दुपारी दोनला खेळले तरी कोण विचारणार? शिवाय त्यांच्या चार मुली देशाच्या ज्युनिअर शिबिरात होत्या, त्यामुळे त्यांना वरच्या दर्जाची सूटही मिळाली होती. आमच्या दुपारी प्रयोगशाळेत जायच्या आणि पाचनंतर मैदानाला कुलूप. विल्माने गावातल्या क्लबला विनवून आठवड्यातले दोन दिवस सकाळी साडेसातची वेळ मिळवली. जानेवारीत साडेसातला तिकडे मिट्ट काळोख असतो. आम्ही दिव्यांखाली, पांढरं दव पडलेल्या मैदानावर खेळायचो आणि साडेआठला, जरा फटफटायला लागलं की, आपापल्या लेक्चरकडे पळायचो. तीही बहुतेक पडद्यावरचीच.

मी तेव्हा फेल्डहोवनला आईबाबांकडे परत आले होते. वाखनिंगनला माझ्या खोलीच्या मजल्यावर सात जणी एकच स्वयंपाकघर वापरायच्या, आणि तिथे कुणी ना कुणी सतत पॉझिटिव्ह असायची. आम्ही हॉलंडला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायचे. त्या वर्षांत जगाला चिपा कमी पडत होत्या, म्हणून त्यांच्या पाळ्या वाढल्या होत्या. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत राहून ते घरी येत तेव्हा कपाळावर टोपीचा वळ उमटलेला असे. जेवायला बसले की पहिले चार घास कुणाशी न बोलता खात. आई नाशिकला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून बाबांच्या व्हिसावर आली. आठ वर्षं घरी बसली, डच शिकली आणि शेवटी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. तिथे ती रोज बटाटे आणि पालेभाज्या एकत्र कुस्करून म्हाताऱ्यांसाठी त्यांचा तो स्टामपॉट बनवायची. महामारीत त्या आश्रमातली माणसं एकेक करून गेली. आई घरी येऊन कुणाबद्दल बोलायची नाही. फक्त कधीतरी पोळ्या लाटताना म्हणायची, आज बारा ताटं कमी लागली. आणि पोळी उलटायची.

आता माझ्या नातवंडांना कोरोना म्हणजे शाळेतल्या पुस्तकातला एक धडा वाटतो. ती विचारतात, आजी, तेव्हा तुम्ही सगळे घाबरला होतात का? डचमध्ये विचारतात, मी मराठीत उत्तर देते. त्यांना सांगते की भीती पहिल्या वर्षी होती. नंतर उरला तो थकवा. रात्री झोपून न जाणारा, चहाने न जाणारा. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत राहावं आणि रोज पायऱ्या चढाव्यात, तसं सगळ्यांचं चाललं होतं, आणि कितवा मजला आला हे कुणाला सांगता येत नव्हतं.

सरावाच्या दिवशी मी पहाटे सव्वाचारला उठायचे. आईची पाळीही लवकरची असायची, त्यामुळे स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. चुलीवरच्या पंख्याची घरघर, आल्याच्या चहाचा वास, आणि बाहेर बर्फ खरवडायला निघालेल्या गाडीचा आवाज. आई मला डब्यात दोन थालीपिठं आणि लोण्याऐवजी इथलं मिळतं ते आंबट दही द्यायची. आम्ही उभ्यानेच चहा प्यायचो, बसलो तर उठवणार नाही अशी दोघींना खात्री होती. मग मी सायकलवरून आइंडहोवन स्टेशनला, तिथून पहिली गाडी, उत्रेख्तला गाडी बदलायची, मग बस. पाठीवर हेल्मेट आणि पॅडचं एवढं मोठं बोचकं. गाडीत मास्कच्या आत माझाच श्वास परत परत मी घ्यायचे. कधीकधी वाटायचं, हे कशासाठी? पण मैदानावर पोचल्यावर विल्मा मोठ्या थर्मासमधून कॉफी ओतत म्हणायची की आज पाच जणी आल्यात, म्हणजे मुक्ताला दुप्पट चेंडू. आणि खरोखरच ती मला तासाभरात शंभर-दीडशे चेंडू अडवायला लावायची. आई तिला कधी भेटली नव्हती, पण ती विल्माबाई म्हणून तिची रोज चौकशी करायची, आणि बाईंसाठी म्हणून एक थालीपीठ जास्त टाकायची.

बंदीच्या आधी, शरदात, आमची समुद्रावाल्यांशी मॅच झाली होती. आम्ही सात-शून्यने हरलो. पण मी गोलात नसते तर ते सात व्हायच्या ऐवजी वीस झाले असते, हे दोन्ही बाजूंच्या मुलींना माहीत होतं. त्या दिवशी मला चेंडू दिसत होता. म्हणजे कसा, ते मला अजून सांगता येत नाही, पण काठीवरून सुटायच्या आधीच तो कुठे येणार हे पायाला कळत होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला त्यांच्या कोचचा, रोडरिकचा, फोन आला. तो सरळ बोलला. त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला होता. पुढच्या वर्षी मी मास्टर्ससाठी त्यांच्या विद्यापीठात यावं, राहायची खोली क्लब बघेल, सामान नवं मिळेल, आणि वर्षभरात देशाच्या पहिल्या वर्गात खेळायला मिळेल. विचार कर, घाई नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी जिन्यात उभी होते. खाली आई कुणाशी तरी नाशिकला बोलत होती. मी वर जाऊन पलंगावर बसले आणि मला इतका आनंद झाला की मला त्याची लाज वाटली. मी कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि आमची कॅप्टन लोट्ट हिला तर नाहीच.

लोट्ट उत्तरेकडची. वडिलांच्या शंभरएक गाई, आणि तिला त्यातल्या प्रत्येकीचा स्वभाव माहीत. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला सावकाश. पहिल्या वर्षी मी वाखनिंगनला आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा तिनेच विचारलं होतं की तुला कुठे उभं राहायला आवडतं. मी म्हटलं, गोलात. ती म्हणाली, देव पावला, आमच्यात कुणालाच आवडत नाही. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी.

फोननंतर दहा दिवसांनी लीगची ऑनलाइन बैठक होती, वसंतातल्या मॅचेस कशा घ्यायच्या हे ठरवायला. लोट्ट जाणार होती, पण ती त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह झाली आणि तापाने पडली. मी क्लबची सेक्रेटरी, म्हणून मी बसले. आमच्या घरात चांगलं इंटरनेट फक्त स्वयंपाकघरात यायचं. मी टेबलाशी कॉम्प्युटर मांडला, मागे आई कुकर लावत होती. बाबा जेवायचे थांबून बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होते.

रोडरिकनेच ठराव मांडला. ज्या क्लबांना आठवड्यातून तीनदा दिवसाउजेडी सराव शक्य आहे त्यांनीच वसंतात लीग खेळावी, बाकीच्यांनी आपसांत मैत्रीच्या मॅचेस खेळाव्यात. बाकीचे म्हणजे आम्ही आणि ते सरहद्दीवरचं छोटं कॉलेज. आणि एकदा लीगमधून बाहेर गेलं की परत यायला खालून वर चढत यावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं बोलणं उद्धट नव्हतं. आज मागे वळून बघताना मला त्याचं म्हणणं तेव्हापेक्षा जास्त समजतं. तो म्हणाला, "मला कुणाला कमी लेखायचं नाही. पण माझ्या मुली दोन वर्षं वाट बघतायत. सात-शून्यने जिंकून त्या काही शिकत नाहीत, आणि सात-शून्यने हरून तुम्हीही काही शिकत नाही."

मी माइक चालू केला. माझं बोलणं तयार नव्हतं. मी म्हटलं, "मी शिकते. गोलकीपरला विचारून बघा." एकदोघं हसले. मग मी सांगितलं की आम्ही सकाळी साडेसातला काळोखात खेळतो, कुणी दोन तासांचा प्रवास करून येतं, कुणी धार काढून येतं. आमचा सराव कमी पडतो म्हणून आमच्या मॅचेस काढून घेतल्या तर तो वाढणार आहे का? त्याच क्षणी मागे कुकरची शिट्टी झाली, लांबलचक, आणि सहा क्लबांच्या माणसांनी ती ऐकली. आईने धावत येऊन गॅस बंद करावा तसं बटण दाबलं आणि पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं केलं. रोडरिकचा चेहरा पडद्यावर वरच्या कोपऱ्यात होता. तो माझ्याकडे बघत होता की नाही कळत नव्हतं, पण मला सारखं वाटत होतं की तो आता म्हणेल, मुक्ता, तुला तर मी फोन केला होता. तो काही म्हणाला नाही. तेवढा तो सभ्य होता.

मतं तीन विरुद्ध तीन पडली. चौथा क्लब आमच्या बाजूने आला. मग लीगच्या अध्यक्षांनी, एका थकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, मधला मार्ग काढला. सगळे सहा खेळतील, पण जो क्लब एकाही मॅचला वॉकओव्हर देईल तो बाहेर. मैदानावर आठपेक्षा कमी खेळाडू उरले तर तोही वॉकओव्हर. ते मला म्हणाले, चालेल का? मी म्हटलं, चालेल. कुणाला विचारायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ती बैठक संपवायची होती. दार लोटून बाबा आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की भांडलीस छान. मला रडू आलं. त्यांना वाटलं दमल्यामुळे.

मार्चमध्ये आम्ही समुद्रावाल्यांकडे खेळायला गेलो. आदल्या दिवशी, राखीव धरून आमच्या चौदा जणींतल्या दोघी पॉझिटिव्ह निघाल्या, तिघी आधीच पडून होत्या. आम्ही निघालो तेव्हा मला धरून नऊ जणी होतो. त्या नवात लोट्ट होती. तिचा ताप जाऊन बरेच आठवडे झाले होते, पण जिना चढली की ती मधल्या पायरीवर थांबायची. हाउसआर्त्स, म्हणजे तिच्या घरच्या डॉक्टरने, अजून महिनाभर खेळू नकोस असं सांगितलं होतं. विल्माने तिला दोनदा विचारलं. लोट्ट म्हणाली, मी नाही आले तर आठच उरतो, आणि एकीचा पाय मुरगळला की संपलं. हे गणित तिला कुणी करून द्यावं लागलं नाही. अट मी मान्य केली होती, आकडा तिने पुरा केला.

तिथे वारा समुद्रावरून येत होता. त्यांच्या मैदानावर पाणी मारलेलं, हिरवंगार चकचकत होतं, प्रेक्षकांना बंदी असल्यामुळे रिकाम्या बाकांच्या रांगा. खेळाचा आवाज फक्त काठ्यांचा आणि धापांचा. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये त्यांनी दोन गोल केले. मी किती अडवले ते मोजायचं सोडून दिलं होतं. मध्यंतरात लोट्ट बाकावर बसली ती उठली नाही. तिचे ओठ निळसर दिसत होते. विल्माने तिच्या अंगावर चंदेरी कागदाचं पांघरूण टाकलं आणि म्हणाली, तू आता इथेच. आम्ही आठ जणी परत गेलो. तिसऱ्या क्वार्टरच्या मध्याला आमच्या एका मुलीचा घोटा वळला आणि ती जमिनीवर बसून राहिली. पंचाने तिला बाहेर घेतलं. मग त्याने आमच्याकडे बघून बोटांवर मोजलं, सात.

लोट्ट उठली. पांघरूण घडी घालून बाकावर ठेवलं, हे मला आठवतं, घाई नव्हती तिला. ती चालत डाव्या कडेला गेली आणि तिथे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. खेळली नाही. दीड क्वार्टर ती त्या एका जागी फक्त उभी होती. माझ्या मनात एक वेडी आशा होती की समुद्रावाल्या त्या बाजूने येणार नाहीत. त्या आल्या. का येऊ नयेत? त्या खेळायलाच आल्या होत्या. एकीमागून एक तिच्या शेजारून धावत गेल्या, आणि ती मान वळवून त्यांच्याकडे नुसती बघत होती. मी ओरडत होते, डावीकडे या, डावीकडे या, पण यायला कुणी नव्हतं. आठ-शून्य. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही लीगमध्ये होतो.

मी हेल्मेट काढून बाकाशी आले. लोट्ट परत पांघरुणात होती, डोळे मिटून. रोडरिक आमच्याकडे आला, विल्माला कोपराला कोपर लावून अभिवादन केलं, आणि मला म्हणाला, "सुरेख खेळलीस. जानेवारीत विचारलं होतं ते अजून तसंच आहे. पुढच्या आठवड्यापर्यंत कळव." आणि गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. लोट्टने डोळे उघडले नाहीत.

परतीला विल्माच्या जुन्या व्हॅनमध्ये मी आणि लोट्ट मागे होतो, बाकीच्या दुसऱ्या गाडीत. मास्क लावलेले, खिडक्या बोटभर उघड्या, पाय गारठलेले. आई पोट दुखेल एवढा डबा देते म्हणून मी नेहमी हसायचे, त्या दिवशी तो कुणी उघडला नाही. बराच रस्ता गेल्यावर लोट्टने खिडकीकडे बघतच विचारलं.

"जानेवारीत म्हणजे बैठकीच्या आधी?"

"आधी."

"मग बैठकीत तू आमच्यासाठी बोललीस, ते काय होतं?"

"ते खरं होतं."

"आणि हे?"

"हेही."

तिने मान हलवली. गाईच्या पाठीवर थाप मारावी तशी माझ्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली आणि परत डोळे मिटले. विल्मा समोर बघून गाडी चालवत राहिली.

घरी आले तर आई एकटी होती, मुगाची खिचडी आणि कढी करून ठेवलेली. मी तिला सगळं सांगितलं, फोनपासून. तिने खिचडीवर तूप सोडलं आणि माझ्यासमोर बसली. ती म्हणाली, "मी इकडे आले तेव्हा आमच्या सरांना पत्रसुद्धा लिहिलं नाही. त्यांनी माझ्यासाठी प्रयोगशाळेत जागा राखून ठेवली होती. लिहायची लाज वाटली. आता ते नाहीत." मग म्हणाली, "तुला जायचंय ना? मग जा. पण त्या पोरीला तिसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं." मी म्हटलं, कळलं आता. आई म्हणाली, हो, आता कळलं. आणि माझ्या ताटात अजून एक पळी कढी वाढली. तिने माझी समजूत घातली नाही आणि मला रागावलीही नाही. एवढं तिच्यात त्राण नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं की तिने मला माझ्या वयाची समजून वागवलं.

मी गेले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. वसंतातल्या उरलेल्या मॅचेस आम्ही खेळलो, एकही सोडली नाही, आणि लीगमध्ये राहिलो. लोट्ट त्यातली एकही खेळली नाही. तिचा दम परत आला नाही, निदान त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. ते आजारामुळे होतं की त्या दीड क्वार्टरमुळे, हे कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. जूनमध्ये मी निघाले तेव्हा ती मला मैदानापासून बस थांब्यापर्यंत सोडायला आली. दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागला. ती दर दिव्याच्या खांबाशी थांबायची आणि थांबण्याचं निमित्त म्हणून गाईंची गोष्ट सांगायची. मी तिची माफी मागायची ठरवून गेले होते. तिने ती वेळ येऊ दिली नाही. पुढे दोन वर्षांनी लीगचे दोन तुकडे झालेच, वरचे वेगळे, खालचे वेगळे, आणि सरहद्दीवरच्या त्या कॉलेजने तर संघच बंद केला. म्हणजे मी कुकरच्या शिट्टीत जे वाचवलं ते दोन वर्षं टिकलं. कुणी मला म्हणतं की एवढ्यासाठी एवढं?

मी गेले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाखनिंगनचा संघ समुद्राकाठी आला. मी दुसऱ्या बाजूच्या गोलात होते, माझ्या मापाच्या, वास नसलेल्या पॅडमध्ये. आम्ही पाच-शून्यने जिंकलो. पूर्ण मॅचमध्ये माझ्याकडे चेंडू तीनदा आला, त्यातला एक पेनल्टी कॉर्नर. तो मी डाव्या पायाने अडवला. मारणारी मुलगी नवी होती, तिने हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. बाकी सगळा वेळ मी पलीकडच्या टोकाला चाललेला खेळ बघत होते. वारा होता.

मॅच संपल्यावर मी त्यांच्या बाकाकडे गेले. लोट्ट संघाबरोबर आली होती, वह्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. विल्माने ओतलेल्या कॉफीचा पेला तिच्या हातात होता. तिने मला शेजारी जागा करून दिली.

"तू तिकडे सारख्या उड्या काय मारत होतीस?" तिने विचारलं.

"थंडी वाजत होती."

"आमच्याकडे कधी वाजली नव्हती."

मी हसले आणि तीही हसायला लागली. पण हसता हसता तिला खोकला आला, तो थांबेना. मी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि ती थांबेपर्यंत धरून बसले.